साडेबारा तासांचा घोळ

पुणे आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स यांच्यात साडेबारा तासांचं अंतर. भारतानं आपल्या घड्याळाला अर्ध्या तासाची शेपटी ठेवली आणि ॲरिझोनानं (नवाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश वगळता) १९६८पासून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायला साफ नकार दिला. न्यूयॉर्कवाल्यांना निदान वर्षातून दोनदा आकडा बदलून मिळतो. आमचा आपला बारा महिने आणि तेरा काळ यांच्या बरोबर मधोमध ठाण मांडून बसलेला.

आम्ही म्हणजे जे-१ या देवाणघेवाणीच्या तात्पुरत्या व्हिसावर इथल्या सरकारी शाळांत शिकवायला आलेली मंडळी. मुदत तीन वर्षं, आणि शाळेनं मनावर घेतलं तर आणखी एक-दोन. शेजारचा आयटीवाला पुण्याला जाऊन लॅपटॉप उघडतो आणि तिथूनच काम करतो. सातवीच्या तीस पोरांसमोर मात्र सकाळी पावणेआठला देहानंच उभं राहावं लागतं, आणि देह झोपेत आहे हे पोरांना हजेरी व्हायच्या आत कळतं.

सुट्ट्यांचं गणित तर विचारू नका. शाळा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते, त्यामुळे गणपती येतात तेव्हा आम्ही वर्गाचे नियम पाठ करून घेत असतो. ऑक्टोबरची सुट्टी सहसा दिवाळीच्या आधीच उरकते. जोडून रजा टाकावी म्हटलं, तर बऱ्याच करारांत सुट्टीच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी रजा मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चार दिवसांच्या सुट्टीला पुढेमागे रजेची ठिगळं लावून आठवडा काढणं ही आपल्याकडची मुरलेली कला. ती इथे मातीमोल.

उरला नाताळ. दोन आठवड्यांची सुट्टी, तीन शनिवार-रविवार धरून सोळा दिवस. ऐकायला झकास. आता वजाबाकी करा. फिनिक्सहून मुंबईला थेट विमान नाही. लॉस एंजेलिस आणि आखातमार्गे गेलं तर पहिला टप्पा सव्वा-दीड तासाचा, मधला सुमारे सोळा तासांचा, शेवटचा तीन तासांचा. मधली ताटकळ धरून पंचवीस-सव्वीस तास होतात. शनिवारी दुपारी बारा वाजता निघालेला मास्तर सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास मुंबईत उतरतो. रविवार कुठे गेला ते विचारायचं नाही. परत येताना पहाटे चारला निघालं की त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला फिनिक्स. कॅलेंडर पाहणाऱ्याला वाटतं, साडेतेरा तासांत आला, दमायला काय झालं?

तिकीट काढताना दोन पथ्यं पाळा. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं दहा-वीस हजारांनी स्वस्त पडतात खरी, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. परतीला अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका: तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा पट्ट्यावरून उतरवायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा सोपवायच्या. आणि जे-१ व्हिसाचा आधार असलेल्या डीएस-२०१९ या फॉर्मवर प्रायोजक संस्थेची प्रवासाची सही आहे का, ते नोव्हेंबरातच बघा. ती फार तर वर्षभर चालते. हा कागद पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायचा. चेक-इन बॅगेत, परतताना आत्यानं दिलेल्या लाडवांखाली ठेवला, तर तो इमिग्रेशनच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे.

आता मुख्य दुखणं: जेटलॅग, म्हणजे देह नव्या गावी आणि त्याचं घड्याळ जुन्याच गावी.

शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित जास्त चालतं, त्यामुळे त्याला पुढे ओढण्यापेक्षा (रोज लवकर झोपण्यापेक्षा) मागे ढकलणं (रोज उशिरा झोपणं) सोपं जातं. पुढे ओढलं तर दिवसाला साधारण एक तास, मागे ढकललं तर दीड तास. साडेबारा तास पुढे जायचं म्हणजे बारा-तेरा दिवस. तेच चोवीसातून उरलेले साडेअकरा तास मागे ढकललं तर आठ दिवस. म्हणजे नकाशात कुठूनही जा, झोपेच्या हिशेबात पुण्याला पश्चिमेकडूनच जायचं.

यात हुकमाचं पान म्हणजे उजेड. पहाटे साडेचारच्या सुमारास, म्हणजे रोजच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी, अंगाचं तापमान सगळ्यांत खाली जातं. त्याच्या आधी उजेड पडला की घड्याळ मागे सरकतं, नंतर पडला की पुढे. फिनिक्सचे पहाटेचे साडेचार म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे पाच. पाच वाजता काय असतं? चहा. काकू, मावशी, समोरच्या वाड्यातले आजोबा आणि 'आम्हाला ओळखलंस का?' हा प्रश्न. ज्या क्षणी तुमच्या देहाचा दिवा पार मिणमिणता झालेला असतो, नेमक्या त्या क्षणी तुम्हाला मावसबहिणीच्या नणंदेचं नाव आठवायचं असतं.

तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार उन्हात राहायचं आणि पाचनंतर उजेड टाळायचा. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेवढी निसर्गाची साथ आहे. अडचण आहे ती दुपारी एक ते चारची. या वेळात घराबाहेर राहायचं, आणि नेमकं याच वेळात जायला गावात काही उघडं नसतं. घरचे 'जरा पड' म्हणतात. पडू नका. दुपारचा एक म्हणजे तुमच्या शरीराची मध्यरात्र. 'जरा' पडलेला माणूस रात्री आठला टवटवीत उठतो आणि मग पहाटेपर्यंत छताचे पोपडे मोजतो. फारच डोळे मिटू लागले तर पंचवीस मिनिटांचा गजर लावून खुर्चीतच डुलकी काढा. गादी नको, पांघरूण तर मुळीच नको. खात्रीचं ऊन हवं असेल तर बिनछपराच्या बसथांब्यावर उभं राहा. बस यायची घाई नसते.

लग्नाच्या स्वागतसमारंभांचंही वेळापत्रक करावं लागतं. पहिल्या दोन दिवसांत संध्याकाळी साडेसातला स्टेजवरचे दिवे तोंडावर घेतलेत, तर घड्याळ उलट्या दिशेला खेचलं जातं आणि दिवसभराचं ऊन फुकट. पण तुमचा तो सगळ्यांत कमी तापमानाचा क्षण रोज दीड तास उशिरा येत असतो: पाच, साडेसहा, आठ, आणि चौथ्या दिवशी साडेनऊ. म्हणजे चौथ्या दिवसापासून तेच साडेसातचे दिवे औषधी ठरतात. तेव्हा पहिल्या दोन दिवसांतली लग्नं आहेर पाठवून उरका. चौथ्या दिवसापासूनच्या लग्नांत व्हिडिओवाल्याच्या अगदी समोर बसा. शास्त्रीय कारण सांगायच्या फंदात मात्र पडू नका. 'अमेरिकेला जाऊन शिंगं फुटली' हे त्यापेक्षा लवकर समजतं.

मेलाटोनिनच्या, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाच्या, गोळ्या अमेरिकेत चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. पुण्याच्या रात्री झोपायच्या वेळी घ्यायची. जेटलॅगवर अर्धा मिलिग्रॅमही जवळजवळ पाचइतकाच चालतो. पाचानं झोप जरा लवकर लागते, एवढंच. दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. चहाचं मात्र अवघड आहे. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणून दुपारी दोननंतर चहा बंद ठेवायचा. हे सांगायला सोपं. प्रत्यक्षात, चहा नाकारणाऱ्या पाहुण्यापुढे लगेच कॉफी येते.

आता खरी थट्टा ऐका. सोमवारी उतरलात, आठव्या-नवव्या दिवशी अंग पुण्याला लागलं, आणि दोन-तीन दिवसांत बॅगा भरायच्या. माझं स्पष्ट मत आहे: जमत असेल तर नाताळात जाऊच नका. मे अखेरीस शाळा संपली की निघा. हापूसचा शेवटचा हप्ता सापडतो, पाऊसही सापडतो, आणि शरीराला आठ दिवस देऊनही महिना उरतो. पगार दहाऐवजी बारा महिन्यांत विभागून घेतला असला, म्हणजे जूनमध्ये खिशाला जेटलॅग होत नाही.

नाताळातच जाणं भाग असेल तर खर्च करायचा तो परतीच्या तारखेवर. सोमवारी शाळा असेल तर शुक्रवारी उतरा, रविवारी नव्हे. रविवारचं तिकीट स्वस्त दिसतं, पण हिमवादळानं एक विमान चुकवलं की सोमवारची तासिका विमानतळाच्या खुर्चीत. यासाठी तीन दिवस पुरेल इतका धडा, हजेरीपट आणि बसण्याचा नकाशा सुट्टीपूर्वीच ऑफिसात ठेवून जा. पहिल्या आठवड्याच्या झेरॉक्सही आधीच काढा. सुट्टीनंतर यंत्रासमोर रांग असते आणि कागद अडकण्याचा मुहूर्तही तोच.

कस्टम्सच्या अधिकाऱ्याला मसाले आणि लाडू आहेत असं आपणहून सांगा, ते सहसा सुटतात. मांस आणि ताजी फळं नेऊ नका. आणि आखातमार्गे येणार असाल तर गोड्या मसाल्यात खसखस आहे का ते घरी विचारून घ्या. अमिरातीत खसखस म्हणजे अमली पदार्थ, आणि अनारशांची बाजू मांडणारा वकील तिथे मिळायचा नाही.

शाळेचा पहिला दिवस बसून करायच्या कामांचा ठेवा: मूक वाचन, उजळणी, जोड्या लावा. पहाटे तीनला जाग येईल आणि वाटेल, पेपर तपासून टाकावेत. नका तपासू. त्या वेळी मास्तरांचा हात एकतर फार सैल असतो नाहीतर फार आखडता, आणि पालकांची ईमेल साडेआठला येते. कपडे धुवा, मसाला डब्यांत भरा. पूर्ण पुणेरी झालेल्या शरीराची मरगळ आता फिनिक्सच्या दुपारी चारला येते. मुलं तीनला घरी गेलेली असतात, म्हणून हायसं वाटतं. पण सुट्टीनंतरची शिक्षकांची पहिली बैठक साडेतीनला सुरू होते, आणि प्रिन्सिपलबाई दिवे मालवून स्लाइड दाखवतात.