कुत्रा रस्ता दाखवत नाही

नमस्कार काका,

‘मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो’ अशी तुम्ही सुरुवात केलीत, म्हणून काका म्हणतेय. तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. दोन ओळींत आटपण्यासारखं ते लिहिणं नव्हतं, म्हणून आज सवडीने बसलेय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी इथली, अमेरिकेतली, माझी अंध मैत्रीण आणि तिचा गाइड डॉग (अंध माणसाला अडथळे टाळून नेणारा, शिकवलेला कुत्रा) यांच्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात, त्यांचे थोरले भाऊ नवव्या वर्षी अंध झाले. एका बँकेत ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. डोंबिवली ते व्हीटी रोज लोकलने जायचे, हातात फक्त पांढरी काठी. त्यांचं कुत्र्यावाचून काही अडलं नाही. मुक्या जनावराला पट्ट्यात अडकवून जन्मभर राबवायचं आणि धडधाकट माणसाने त्याच्यामागून फरफटत जायचं, यात कसलं आलंय जीवनमान? हे अमेरिकेतले चोचले आहेत. आणि शेवटचा प्रश्न: ‘त्या कुत्र्याला कुणी विचारलं का?’

आधी माझी चूक कबूल करते. ‘कुत्रा आला आणि तिचं आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झालं’ असं मी लिहिलं होतं. तुम्हाला सगळ्यात जास्त हेच लागलं, आणि लागायलाच हवं होतं. ते वाक्य मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तीही क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘पहिला कुत्रा घेतला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. कॉलेज झालं होतं, नोकरी होती, मुलगा शाळेत जात होता. ते सगळं कुणाचं आयुष्य होतं मग?’ ते वाक्य मी काढून टाकलंय. तुमच्या दादांना माझ्या वतीने सांगा.

पण काठी विरुद्ध कुत्रा अशी जी लढत तुम्ही लावलीत, ती मला मान्य नाही. इथल्या गाइड डॉगच्या संस्था ज्याला काठीने नीट फिरता येतं अशाच माणसाला कुत्रा देतात. दिशा धरता येणं, कोपरे ओळखणं, रहदारी ऐकून रस्ता ओलांडणं, हे आधी यावं लागतं, कारण कुठे जायचं आणि कधी निघायचं हे कुत्रा ठरवत नाही. माझ्या मैत्रिणीच्या पर्समध्ये आजही घडीची काठी असते. आणि अमेरिकेतसुद्धा बहुसंख्य अंध माणसं कुत्रा घेत नाहीत, काठीनेच फिरतात. दादा त्या बहुसंख्यांतले आहेत, मागे राहिलेले नाहीत.

आपण मराठीत म्हाताऱ्या आईबापांच्या एकुलत्या एका मुलाला ‘आंधळ्याची काठी’ म्हणतो. म्हणजे आधार, टेकायला काहीतरी. हा वाक्प्रचार नक्की डोळस माणसाने केलेला असणार. अंध माणूस काठीवर टेकत नाही, तो काठीने बघतो. दादांची काठी फलाटावरच्या फरशीवरून सरकताना त्यांना काय काय सांगत असेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आता ‘फरफटत जाणं’. हा गैरसमज मलाही होता. कुत्र्याला ‘दुकानात चल’ म्हटलं की तो नेतो, असं मला वाटायचं. कुत्रा रस्ता दाखवत नाही, काका. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या मॉरिसटाउनमधला एक कोपरा सांगते, कारण तिथे मी तिच्याबरोबर कितीतरी वेळा उभी राहिलेय. तिच्या डाव्या हातात हार्नेसचं, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांचं, ताठ हँडल असतं. फुटपाथ संपतो तिथे कुत्रा थांबतो. ती पाय थोडा पुढे सरकवून कड चाचपते आणि त्याला ‘शाब्बास’ म्हणते. मग ती ऐकत उभी राहते. समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबल्या, की तिच्या शेजारच्या, तिच्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या एकदम सुटतात. तो आवाज उठला की ती म्हणते, ‘फॉरवर्ड’. सिग्नल लाल की हिरवा हे कुत्रा बघत नाही. हे दोन रंग त्याला धड वेगळे दिसतही नाहीत. पहिल्यांदा मी शहाणपणा करून ‘हिरवा झाला गं’ म्हटलं होतं, तर ती म्हणाली, ‘तू बोललीस की मला गाड्या ऐकू येत नाहीत.’

कुत्र्याचं काम वेगळं आहे. ‘फॉरवर्ड’ म्हटल्यावरही एखादी गाडी वळून अंगावर येत असेल, तर त्याने हुकूम मोडायचा. जागचं हलायचं नाही किंवा तिला मागे रेटायचं. शिकवणारे सांगतात की सगळ्यात अवघड शिक्षण हेच: ऐकायला शिकवायचं आणि कधी ऐकायचं नाही तेही शिकवायचं. हल्ली विजेवर चालणाऱ्या गाड्या फारसा आवाज न करता येतात, तिथे याची किंमत कळते.

आणि वरच्या गोष्टी. काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाच्या उंचीवरचं सांगत नाही. मागच्या ऑक्टोबरात वादळानंतर एक मेपलची फांदी फुटपाथवर तिरकी लोंबत होती. खालून कुत्रा आरामात गेला असता. तो थांबला. तिने हात वर करून चाचपलं, पानं हाताला लागली. मग तो तिला रस्त्याच्या कडेने वळसा घालून परत फुटपाथवर घेऊन आला. स्वतःच्या डोक्यावर तीन फूट उंचीची जागा मोजणारा कुत्रा मी त्या दिवशी पाहिला.

जीवनमान म्हणजे मला यात काय दिसलं, तर डोक्यावरचा भार कमी होणं. ती म्हणते, ‘काठी घेऊन चालले की वाटेतला प्रत्येक खांब मला भेटतो. कुत्रा असला की खांब होता हेही कळत नाही.’ काठी अडथळा शोधून देते, कुत्रा तो टाळून नेतो. त्यामुळे चाल वाढते, खांदे सैल पडतात, चालता चालता गप्पा मारता येतात. बर्फ पडल्यावर फुटपाथची कडच नाहीशी होते, तेव्हाही ती बाहेर पडते. अर्थात खांब भेटत होते तेव्हा ते खुणेचे होते. तिसऱ्या खांबानंतर औषधांचं दुकान, असं. कुत्रा घेतल्यावर त्या खुणा गेल्या आणि नकाशा नव्याने बसवावा लागला. हे नुकसानही तिने मला सांगितलंय. म्हणून कुणी कुत्रा घ्यावा, कुणी घेऊ नये. पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

चोचल्यांबद्दल. याची सुरुवात श्रीमंतीच्या हौसेतून झाली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे शेकडो सैनिक आंधळे होऊन परतले, त्यांच्यासाठी १९१६ साली तिथल्या ओल्डेनबुर्गला असे कुत्रे तयार करणारी पहिली शाळा निघाली. अमेरिकेत हे आलं ते मॉरिस फ्रँक नावाच्या, नॅशव्हिलच्या एका अंध तरुणामुळे. स्वित्झर्लंडमध्ये कुत्रे शिकवणाऱ्या डोरोथी युस्टिस यांचा जर्मनीतल्या या कुत्र्यांवरचा लेख १९२७ साली एका साप्ताहिकात आला, तो त्याच्या वडिलांनी त्याला वाचून दाखवला. त्याने त्या बाईंना कळवलं की दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचा माझ्यासारख्या हजारोंना वीट आलाय, मला शिकवा, मी त्यांना शिकवेन. तो १९२८ मध्ये बोटीने स्वित्झर्लंडला गेला तेव्हा ‘आंधळा एकटा कसा जाईल’ म्हणून त्याला अक्षरशः पार्सलासारखं पाठवलं गेलं. परत आला तो बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर बातमीदारांनी त्याला डिवचलं, म्हणून त्यांच्या देखत त्याने वेस्ट स्ट्रीटची भरधाव रहदारी बडीबरोबर ओलांडली आणि स्वित्झर्लंडला एका शब्दाची तार केली: यश.

१९२९ साली त्याने आणि युस्टिसबाईंनी ‘द सीइंग आय’ ही संस्था काढली. तीच आमची मॉरिसटाउनची. कुत्र्यामागून जाणं तुम्हाला अपमानाचं वाटतं म्हणून हे सांगते: इथे कुत्रा फुकट देत नाहीत. पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५०, माजी सैनिकाला १. अनेक दशकं हा आकडा बदललेला नाही. खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो, तो देणग्यांतून भागतो. पण पैसे मोजून घेतलेला कुत्रा त्या माणसाच्या मालकीचा होतो, तो दान घेतलेला नसतो, असं त्यामागचं म्हणणं आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कुत्र्याला विचारलं का?

काका, आमच्या घरात आम्ही अशी दोन पिल्लं वाढवली, त्यामुळे हे उत्तर मी माझ्या स्वयंपाकघरातून देते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना स्वयंसेवकाच्या घरी येतं आणि सव्वा-दीड वर्षाचं होईपर्यंत राहतं. पहिला आमचा हेन्री. त्याला आम्ही माणसांत राहायला शिकवलं: ट्रेन, बाजार, लिफ्ट, दिवाळीची घरभर पाहुण्यांची गर्दी, टेबलावरच्या चकल्यांकडे न बघणं. मग तो संस्थेत शिकायला गेला आणि सात आठवड्यांनी फोन आला. त्याच्यात खोट काही नव्हती, पण हार्नेस दाखवला की तो मान खाली घालायचा, पाऊल जड टाकायचा. त्याला ते काम नको होतं. कुत्रा बोलत नाही, पण असं सांगतो, आणि त्याचं ऐकणारी माणसं तिथे असतात. तो घरी परत आला. आत्ता हे लिहिताना माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतोय.

दुसरी क्विन. तिचं चार महिन्यांचं शिक्षण संपत आलं तेव्हा आम्हाला बोलावलं. तिथे अशी पद्धत आहे की पिल्लू वाढवणाऱ्यांनी लांबून, मागून, कुत्र्याला न कळता त्याचं काम बघायचं. आमचा वास तिच्यापर्यंत जाणार नाही अशा बाजूला आम्ही होतो. माझी मुलगी दोन्ही हातांनी तोंड दाबून चालत होती, हाक निघू नये म्हणून. पुढे क्विन आणि तिची ट्रेनर. हॉटेलाबाहेर मांडलेल्या खुर्च्यांमधून, एका बाबागाडीला वळसा घालून, पायरीशी थांबत. आमच्या घरी जी क्विन मोज्यांचे जोड पळवायची ती हीच, पण शेपटी पूर्ण वेळ हलत होती आणि हार्नेस ओढून ती ट्रेनरला जवळजवळ पळवत होती. राबणारं जनावर असं चालत नाही. आपल्याकडे बैल मारून मुटकून चालवलेले मीही पाहिलेत, फरक कळतो. घरी पोचल्यावर हार्नेस उतरला की तो कुत्रा कुत्राच असतो. खेळतो, लोळतो, सोफ्यावर चढतो. आठ-नऊ वर्षांचं काम झालं की निवृत्त होतो आणि बहुतेकदा त्याच घरात किंवा ओळखीच्या घरात राहतो.

तरीही तुमच्या प्रश्नाला पूर्ण ‘हो’ म्हणता येत नाही. जन्माआधीच त्याचं काम ठरलेलं असतं, हे खरं. आणि माणसालाही याची किंमत आहे: दर आठ-दहा वर्षांनी एक जिवलग गमवायचा. मैत्रिणीचा दुसरा कुत्रा गेला तेव्हा पाच महिने तिने नवा घेतला नाही. ‘हात रिकामा राहू दे थोडा,’ म्हणाली.

भारताबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘हा कुत्रा डोंबिवलीच्या स्टेशनबाहेर चालवून दाखवा.’ नाही चालवता येणार, काका. सलग फुटपाथ नाही, असला तर त्यावर गाड्या लावलेल्या, पावलापावलावर इलाका राखणारी भटकी कुत्री, मे महिन्यात चटके देणारा डांबरी रस्ता. इथल्या कुत्र्याला तिथे नेणं म्हणजे त्याचे हाल. तिथे आधी काठीने फिरायला शिकवणारे शिक्षक गावोगाव हवेत आणि मोकळे फुटपाथ हवेत. यात आपलं दोघांचं एकमत आहे.

पण इथेही सगळं आलबेल नाही. गेल्या वर्षी आपल्याच एका माणसाच्या हॉटेलात मी मैत्रिणीला डोसा खायला घेऊन गेले. मालकांनी दारातच हात आडवा केला: ‘कुत्रा बाहेर बांधा.’ इथल्या अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याने त्यांना अडवता येत नाही. कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि तो काय काम करतो, एवढे दोनच प्रश्न विचारता येतात. ती शांतपणे म्हणाली, ‘तुमचा चष्मा तुम्ही बाहेर ठेवून याल का?’ आम्ही आत गेलो, पण डोसा गोड लागला नाही. ते मालक वाईट नव्हते. त्यांना वाटलं ती लाडाचा कुत्रा घेऊन आलीय. माझा मागचा लेख त्यांच्यासारख्यांसाठी होता. तो दादांना दुखवून गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

एक विनंती आहे. दादा आता निवृत्त असतील, त्यांना वेळ असेल तर विचाराल? संध्याकाळच्या गर्दीत गाडी डोंबिवलीला थांबली की पुलाचा जिना डावीकडे की उजवीकडे, हे त्यांना कशावरून कळायचं? वासावरून, उतरणाऱ्यांच्या ढकलण्यावरून, की पायाखालच्या फरशीवरून? माझ्या मैत्रिणीला हे जाणून घ्यायचंय, तिने तुमची प्रतिक्रिया माझ्याकडून दोनदा समजून घेतली. ते बोलतील ते तुम्ही लिहून पाठवा, मी त्यांच्याच शब्दांत इथे छापेन.