स्टॅम्प पेपरवर गाडी विकली जात नाही

परवा रात्री अकराला अमळनेरहून भाच्याने एक मेसेज पाठवला. खाली एकच ओळ: "मामा, हाई खरं शे का?" त्याने मित्सुबिशी सेडिया ही जपानी गाडी विकायला काढली आहे, स्प्रिंगा बदलून खाली बसवलेली, जाड सायलेन्सरची. "मॉडिफाइड जपानी गाडी विकताना" अशा मथळ्याचा तो मेसेज जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांत आठवडाभर फिरतोय. खरं नाही रे बाबा, आणि त्यातला एक मुद्दा तर घर बुडवणारा आहे.

तो असा: "पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, डिलिव्हरी नोटवर सही घ्या, जबाबदारी संपली. गाडीला गाडी बदलली तर आरटीओची पायरीच चढायची नाही."

संपली कशी? कायद्याने मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितलं. गाडी विकलेली होती, पुढे आणखी हातांत गेली, अपघात झाला तेव्हा ती भलत्याच्याच ताब्यात होती. तरी भरपाईची जबाबदारी आली कागदावरच्या मालकावर, कारण गाडी नावावरून उतरलीच नव्हती. आता सेडिया घ्यायला कोण येणार? दोन लिटरचं इंजिन हवं असलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याने पारोळ्याच्या पुढे महामार्गावर कुणाला उडवलं, तर नोटीस येईल ती अमळनेरला, माझ्या बहिणीच्या दारात. आमच्या गल्लीत एकाने चार वर्षांपूर्वी अशीच नोटरीवर मोटारसायकल दिली. घेणारा फोन उचलत नाही, ई-चलनं मात्र याच्या मोबाइलवर अजून येतात.

अदलाबदलीत तर दोन गाड्या दोन नावांवर चढवायच्या. म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० दोन्हीकडून. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये लिहिलंय.

"इन्शुरन्स आपोआप जातो." अर्धं खरं आहे, मानतो. थर्ड पार्टीचं, म्हणजे गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचं, कवच गाडीबरोबर जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं मात्र नव्या मालकाने कंपनीकडून नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही.

"जुन्या गाडीतले बदल कुणी बघत नाही." मूळ बनावटीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, हे जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं आहे.

"लावलेला पैसा पुरा वसूल होतो." होत नाही. ज्याला तो सायलेन्सर नको, तो काढायचा खर्च किमतीतूनच कापतो.

भाच्याच्या मूळ स्प्रिंगा आणि सायलेन्सर शेतातल्या खोलीत ठिबकच्या नळ्यांखाली पडलेत. रविवारी मी येतोय. ते आधी बसवू, मग गिऱ्हाईक बोलवू. आणि फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.