पायथन काढून टाकल्याने लॅपटॉप वेगवान होत नाही, बंद पडतो

गुरुवारी रात्री साडेदहाला सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉप सुरू होतोय, पण नुसती काळी स्क्रीन येतेय." काय केलंस म्हणून विचारलं, तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचून त्याने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लॅपटॉपवरून काढून टाकली होती. सोमवारी त्याला डिप्लोमाचा प्रोजेक्ट दाखवायचा होता.

तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. 'पायथन शिकून वर्षं वाया घालवू नका' असं त्याचं शीर्षक. पायथन सी भाषेपेक्षा 75 पट हळू आहे, प्रोसेसरचा एकच कोअर (एकाच वेळी काम करू शकणाऱ्या भागांपैकी एकच) वापरतं, लॅपटॉप जड करतं म्हणून आजच काढून टाका, आणि तसंही आता एआयच पायथन लिहून देतं, असे त्याचे चार मुद्दे. शेवटी दुसऱ्या एका कोर्ससाठी फोन नंबर.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण नुकसान त्यानेच केलं. मेसेजमध्ये लिनक्सवाल्यांसाठी थेट कमांड दिली आहे: 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन3'. ही कमांड लिहिणाऱ्याने ती स्वतःच्या मशीनवर एकदाही चालवलेली नसणार. भाच्याकडच्या उबंटूमध्ये (हा लिनक्सचाच एक प्रकार) पायथन 3 हा सिस्टिमचाच भाग आहे. अपडेट दाखवणारा प्रोग्रॅम त्यात लिहिलाय, यूएफडब्ल्यू हे फायरवॉल त्यात लिहिलंय. पायथन काढलं की त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही ॲप्ट, म्हणजे प्रोग्रॅम बसवणारं-काढणारं साधन, काढून टाकतं, आणि त्यात डेस्कटॉपही जातो. काढण्याआधी ॲप्ट ती सगळी यादी दाखवून परवानगी विचारतं. भाच्याने यादी न वाचता 'वाय' दाबलं, ही त्याची चूक. पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात ती कमांड दिली कोणी?

आणि लॅपटॉप जड होतो म्हणजे काय? चालू नसलेलं पायथन डिस्कवर थोडी जागा घेतं, बस्स. प्रोसेसर खात नाही, मेमरी खात नाही. यात अर्धं सत्य असलंच तर एवढंच, की सिस्टिमच्या पायथनमध्येच पिप या साधनाने भाराभर लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) टाकल्या की आवृत्त्यांचा घोळ होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरत्या लायब्ऱ्यांचं स्वतंत्र फोल्डर. ते एका ओळीत तयार होतं आणि बिघडलं तर फोल्डर पुसून टाकता येतं. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका. त्या रात्री कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून टेक्स्ट लॉगिन गाठलं आणि फोनवरून एकेक कमांड सांगत डेस्कटॉप पुन्हा बसवला, तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते.

आता ते '75 पट'. हा आकडा 2017 साली पोर्तुगालच्या संशोधकांनी 27 भाषांची तुलना केली, त्या अभ्यासातला दिसतो. त्यात सीला 1 धरलं तर पायथनची वीज 75.88 आणि वेळ 71.90. म्हणजे मेसेजवाल्याने विजेचा आकडा उचलून वेगाला चिकटवलाय. त्याच तक्त्यात जावास्क्रिप्टची वेळ 6.52 आणि टाइपस्क्रिप्टची 46.20 आहे. टाइपस्क्रिप्ट चालतं ते जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होऊनच; मग हा सातपट फरक भाषेचा कसा? तो कसोटीसाठी घेतलेल्या प्रोग्रॅमचा आहे. हा तक्ता पाहून भाषा निवडायला सांगणाऱ्याने तो नीट वाचलेला नाही.

मान्य करतो: साध्या पायथनमध्ये आकडेमोडीचे लांबलचक लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहिले तर ते सीच्या कित्येक पट हळू चालतात. म्हणून तर नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी आहे, त्याचा आतला लूप सीमध्येच चालतो. एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराची जी प्रतिमा एप्रिल 2019 मध्ये जाहीर झाली, तिच्या कामात पायथनच्या लायब्ऱ्या होत्या. शिवाय पायथन 3.11 हे 3.10 पेक्षा सरासरी 1.25 पट वेगवान असल्याचं अधिकृत नोंदींतच दिलंय.

एकच कोअर, हे थ्रेड्सच्या (एकाच प्रोग्रॅममधल्या समांतर कामांच्या) बाबतीत बरीच वर्षं खरं होतं. पण अनेक कोअरवर काम वाटून देणारं मल्टिप्रोसेसिंग 2008 पासून पायथनसोबतच मिळतं, आणि ऑक्टोबर 2025 च्या 3.14 मध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप) नसलेली वेगळी बिल्ड अधिकृतपणे वापरता येते.

राहिला एआय. भाच्याचा प्रोजेक्ट हळू चालत होता, म्हणून तर तो त्या मेसेजला भुलला. शुक्रवारी त्याला कुठे किती वेळ जातो ते मोजणारं सी-प्रोफाइल लावायला सांगितलं. सगळा वेळ एकाच फंक्शनमध्ये जात होता: दोन लाख नावांच्या एका लिस्टमधलं प्रत्येक नाव दोन लाखांच्या दुसऱ्या लिस्टमध्ये शोधणं. म्हणजे वाईटात वाईट 4 हजार कोटी तुलना. सीमध्ये लिहिलं असतं तरी त्या तुलना चुकल्या नसत्या. दुसऱ्या लिस्टचा सेट केला, एक ओळ बदलली, आणि बारा मिनिटांचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. ते फंक्शन एआयनेच लिहून दिलं होतं. शंभर नावांवर तपासलं तेव्हा ते बिनचूक आणि झटपट चाललं होतं, म्हणून त्यानेही पुढे पाहिलं नाही. लिस्टमध्ये शोधताना पायथन एकेक नाव चाळतं आणि सेटमध्ये तसं करत नाही, हे मी त्याला कागदावर दहा नावं लिहायला लावून समजावलं. त्यानंतर अशीच आणखी एक जागा त्याने स्वतः शोधून काढली, रविवारी संध्याकाळी, मला न विचारता.