चुकीचं स्पेलिंग आणि जीआय चद्दर

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली की आमच्या चादर-टॉवेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. यंदाचा सल्ला असा: “गुगलवर दहातला एक शोध चुकीच्या स्पेलिंगचा असतो. त्या शब्दांवर मोठे ब्रँड जाहिरातीसाठी बोली लावत नाहीत. आपल्या मालाची पन्नास चुकीची स्पेलिंगं काढा, त्यांवर जाहिरात लावा, वेबसाइटवरही टाका. स्वस्तात गिऱ्हाईक!” अशी यादी मी एकदा पैसे मोजून विकत घेतली होती, म्हणून गप्प बसवत नाही.

दहातला एक, हा आकडा खरा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलनेच तो सांगितला होता. पण सांगितला कशासाठी? स्पेलिंग ओळखायची नवी यंत्रणा आणली, हे जाहीर करताना. ती यंत्रणा काही मिलिसेकंदांत काम उरकते. म्हणजे गिऱ्हाईक चुकतं, आणि त्याला कळायच्या आत चूक दुरुस्तही होते. मेसेजवाल्याने आकडा घेतला, पुढचं वाक्य सोडलं.

‘बोली कुणी लावत नाही’ हे एकेकाळी बरोबर होतं. २०१२ मध्ये गुगलने चुकीची स्पेलिंगं आणि एकवचन-अनेकवचन मूळ कीवर्डमध्येच, म्हणजे जाहिरातदार ज्या शब्दावर बोली लावतो त्यातच, धरायला सुरुवात केली, तरी नको असेल तर ते बंद करता यायचं. सप्टेंबर २०१४ पासून ती सोयही गेली. आता एक्झॅक्ट मॅच, म्हणजे ‘नेमका हाच शब्द’ असा पर्याय, लावला तरी चुका त्यात आल्याच. ‘सोलापुरी चद्दर’वर बोली लावणारा प्रत्येक जण एका डीच्या, दोन डींच्या, शेवटी ईआर लावलेल्या चद्दरवरही तुमच्या शेजारी उभा असतो. माझ्या विकतच्या यादीतले बहुतेक शब्द तर ‘शोध फार कमी’ असा शेरा मिळून निपचित पडले होते.

वेबसाइटवर चुका टाकायच्या म्हणजे कुठे? मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले न दिसणारे शब्द, गुगल क्रमवारीसाठी बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगून टाकलंय. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं लपवाल तर स्पॅम ठराल. आणि उघड लिहाल, तर ज्याला आपल्या मालाचं नाव नीट लिहिता येत नाही त्याच्याकडून आहेराच्या चादरी कोण घेणार?

एक गोष्ट मात्र मान्य. ‘शोलापूर’ ही चूक नाही. इंग्रज तसंच लिहायचे, जुन्या गिरणीचं नावच शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग होतं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा तर एकच बरोबर स्पेलिंग कुठून आणायचं? आपल्या गावात तेलुगू, कन्नड, मराठी घरांतून शेंगा चटणीसुद्धा चार तऱ्हांनी टाइप होते. असे दोन-चार प्रकार ठेवा. पन्नास नकोत.

माझे पैसे स्पेलिंगने नाही, अर्थाने खाल्ले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे जीआय. त्याचा अभिमान म्हणून मी ‘जीआय चद्दर’ हा कीवर्ड लावला. स्पेलिंग अगदी चोख. दुसऱ्या दिवसापासून हिंदी पट्ट्यातून फोन सुरू: “भैया, कितने गेज की है?” चादरीच्या जॅकार्ड विणीचं सांगायला लागलो तर समोरचा विचारतो, शेडवर टिकेल का! हार्डवेअरच्या बाजारात जीआय चद्दर म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. क्लिकचे पैसे माझे, गिऱ्हाईक पत्रेवाल्याचं. शिवाय दर्ग्यावर चढवायची चादर शोधणारेही येत होते, ते निराळेच.

लोकांनी काय शोधून क्लिक केलं ते दाखवणारा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडून निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्यांवर आपली जाहिरात दिसू नये असे शब्द, टाकत बसलो, तेव्हा त्या विकतच्या यादीचा पहिल्यांदा उपयोग झाला. तेव्हा निगेटिव्हमध्ये चुकीची स्पेलिंगं आपोआप धरली जात नव्हती. ‘रूफिंग’ अडवलं की एक ओ कमी असलेलं रूफिंग आत शिरायचं. जून २०२४ मध्ये गुगलने तेही आपोआप अडवायला घेतलं, आणि यादीचा उरलासुरला धंदा बसला.

आज माझ्या निगेटिव्ह यादीत गेज, एमएम, पत्रा, शेड, रूफिंग, दर्गा, मजार एवढे शब्द आहेत. ‘जीआय’सुद्धा तिथे टाकायला हवा, हिशोबाने. अजून हात होत नाही.