पासवर्ड – पाहा : संकेतशब्द

आम्ही ग्रंथपाल. वाचक काउंटरशी येऊन म्हणतो, "लेखक आठवत नाही, नावही आठवत नाही, पण निळ्या कव्हरचं होतं, जाडसर," आणि आम्ही त्याला पन्नास हजार पुस्तकांतून ते काढून देतो. नाहीच मिळालं तर ते कोणाकडे गेलंय, परत कधी यायला हवं होतं आणि दंड किती झालाय एवढं तरी सांगतोच. अशा चाळीसेक माणसांच्या आमच्या संघाचं एक संकेतस्थळ आहे. त्यावर कोणालाही काहीही सापडत नाही.

ते 2009 साली तेव्हाच्या सचिवांच्या भाच्याने करून दिलं. भाचा फुकट होता. पुढे पुण्यात नोकरीला लागला आणि फुकट राहिला नाही. पानाच्या वर 'हार्दिक स्वागत' ही अक्षरं तेव्हापासून उजवीकडून डावीकडे सरकताहेत. खाली भेट देणाऱ्यांचा आकडा आहे. तो आम्हीच वाढवतो, कारण काही दुरुस्त झालं का हे बघायला दिवसातून चारदा आम्हीच ते उघडतो. शेजारी 'नवीन!' अशी लाल चिठ्ठी लुकलुकते, ती 2011 च्या अधिवेशनाच्या निमंत्रणापुढे.

यात मी कसा अडकलो? 2014 साली 12 ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाचं निमंत्रण मी साईटवर चढवलं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा फोटो आडवा आला, पण आला. तेव्हापासून संघाची 'तांत्रिक बाजू' म्हणजे मी. प्रोजेक्टर लागत नाही, झेरॉक्समध्ये कागद अडकला, कोणाच्या सूनबाईंच्या मोबाईलचा आवाज गेला, "सरांना विचारा."

यंदा कार्यकारिणीने ठराव केला की संकेतस्थळ 'अद्ययावत' करायचं. खर्चाच्या रकान्यात 'स्वयंसेवी' असं लिहिलं. दर रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवर एका सभासदाच्या कॉलेजच्या वाचनालयात पाच जणांनी जमायचं ठरलं. त्याआधी मिसळ. पहिले दोन रविवार मिसळीतच गेले. झणझणीत की मध्यम यावरच एकमत होईना, मग मेनूवर कुठून व्हायचं?

मेनू म्हणजे साईटचा. ग्रंथपालांना मेनू करायला बसवणं म्हणजे पाच न्हाव्यांना एक डोकं देणं. एक सर ड्यूईवाले, म्हणजे मेल्विल ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे भक्त. 1876 सालापासून जग दहा वर्गांत सुखाने बसलंय, तर आपला संघ का बसू नये, असं त्यांचं म्हणणं. नांदगावच्या मॅडम कोलनवाल्या, म्हणजे रंगनाथनांच्या कोलन वर्गीकरणाच्या. लंडनच्या दुकानात मेकॅनोचे तुकडे जोडून हवी ती खेळणी होताना पाहून रंगनाथनांना ही पद्धत सुचली, हे त्या कोणीही न विचारता सांगतात. अधिवेशनाचे फोटो 'उपक्रम'मध्ये, 'इतिहास'मध्ये की 'दालन'मध्ये, यावर दीड तास झाला. शेवटी ड्यूईच झाला, पण अगदी मूळ वळणाचा. ड्यूईसाहेबाने धर्माच्या 200 च्या घरात 220 ते 280 ख्रिस्ती धर्माला दिले आणि उरलेल्या जगाचे धर्म 290 मध्ये कोंबले. आमच्याकडे अध्यक्षांचा परिचय, अध्यक्षांचं मनोगत, अध्यक्षांचे दौरे, अध्यक्षांचे सत्कार असं होत होत बाकी सगळे सभासद 'इतर'मध्ये गेले.

मग फॉन्ट. जुना मजकूर भाच्याने कुठल्याशा डीटीपीच्या फॉन्टात टाकलेला. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि उद्गारचिन्हं दिसतात, जणू आमच्या घटना समितीला कोणीतरी चिमटे काढतंय. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या अक्षरांत, आणायचं यंत्र मिळालं. त्याने मजकूर आणला, पण प्रत्येक रफार एक घर पुढे ढकलून. वर्गणीची 'वगर्णी' झाली, कार्यकारिणीची 'कायर्कारिणी'. मार्गदर्शकांचे 'मागर्दशर्क' झाले ते बघून एक ज्येष्ठ सर हळहळले, "नाव तरी नीट ठेवा रे." तीन रविवार आम्ही रफार मागे ओढत बसलो. रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाच्या वेळाबद्दल 1931 च्या त्या पाच नियमांत अवाक्षर नाही.

एवढं झाल्यावर लक्षात आलं की हे सगळं माझ्या लॅपटॉपवर आहे. साईटवर चढवायला पासवर्ड लागतो, आणि तो कोणाकडेच नाही.

'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं. ओटीपी गेला जुन्या सचिवांच्या मोबाईलवर. काका आता निवृत्त होऊन मुलीकडे असतात, नंबर त्यांनी केव्हाच सोडलाय. तो फिरत फिरत लासलगावच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गेलेला. फोन लावला तेव्हा मागे लिलाव चालू होता.

"दादा, आम्ही नाशिकचे ग्रंथपाल. तुम्हाला आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?"

"ग्रंथपाल काय, कलेक्टर असला तरी सांगणार नाही. ब्यांकेनं सांगून ठेवलंय." आणि जाताजाता, "माणसं बोलायला लई गोड असत्यात राव तुमची."

मग काकांनाच गाठलं. काका दुखावले. "पासवर्ड मी कधी हरवेन का? कार्ड केलंय त्याचं. तालिकेत लावलंय."

जुनं कार्ड कॅटलॉगचं लाकडी कपाट त्याच वाचनालयाच्या जिन्याखाली आहे, वर क्रीडा विभागाच्या चषकांची गर्दी. चषक उतरवले, 'प'चा खण ओढला. 'परवलीचा शब्द – पाहा : संकेतशब्द'. 'स'चा खण. 'संकेतशब्द – पाहा : पासवर्ड'. पुन्हा 'प'. काकांचं अक्षर मोत्यासारखं, सूचीकरण निर्दोष. कार्डं अडकवलेली दांडी काढली, बोट फिरवत 'पासवर्ड'पाशी आलो. तिथे कार्ड नव्हतं. देवघेवीची चिठ्ठी होती. 'दिनांक 10 ऑगस्ट 2014. मुदत सात दिवस.' आणि खाली नेणाऱ्याची सही.

सही माझी होती.

कोणी काही बोललं नाही. नांदगावच्या मॅडमनी तेवढा मोबाईलवर हिशेब केला. तो रविवार 3 ऑगस्टचा, 2025 सालचा. चार हजार चार दिवस उशीर, रोजचे पन्नास पैसे धरून 2002 रुपये. ड्यूईवाले सर म्हणाले, रविवार वगळा. मॅडम म्हणाल्या, वगळायचं काही कारण नाही, ग्रंथालय रविवारी उघडं असतं, आपण बसलोच आहोत की. हा मुद्दा पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेतलाय.

मी घरी आलो. तेव्हा कार्ड खुणेसाठी कुठल्यातरी पुस्तकात घातलेलं एवढं पुसट आठवत होतं. घरी चार कपाटं पुस्तकं आहेत, आणि ग्रंथपालाच्या घरची पुस्तकं कशी लावलेली असतात ते ग्रंथपालाच्या बायकोला विचारावं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुठल्या पुस्तकात? नाव?"

"आठवत नाही."

"लेखक तरी?"

"नाही गं. निळ्या कव्हरचं होतं. जाडसर."