पुडीवर नाव का नाही?

नाशिकच्या पंचवटीत माझं मेडिकल आहे. गेला महिनाभर रोज कुणी ना कुणी काउंटरवर मोबाईल पुढे करून एकच मेसेज दाखवतं. मजकूर थोडक्यात असा: तोंडाचा कॅन्सर आणि संधिवात दोन्हींचं मूळ अंगातली सूज, हळद, सदाफुली, गुळवेल यांचं प्रकृतीनुसार खास बनवलेलं चूर्ण घेतलं की दोन्ही बरे होतात, बायोप्सी करू नका, सुई लागली की गाठ पसरते, आणि सगळं झाडपाल्याचं असल्यामुळे अपाय शून्य. लोक मला विचारतात, "भाऊ, खरं का हे?" म्हणून सविस्तर लिहितोय.

सदाफुलीचं आधी. तिच्यातून कॅन्सरची औषधं मिळाली, हे अगदी खरं आहे. विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन तिचीच. पण शेकडो किलो वाळलेली पानं लागतात तेव्हा ग्रॅमच्या हिशोबात काही हाती येतं. ते शिरेतून, मोजून देतात आणि मुख्यतः रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर. तोंडाच्या कॅन्सरचं ते नेहमीचं औषध नाही. कुंडीतली पाच पानं चावून त्यातलं काहीच साधत नाही. हळदीत करक्युमिन असतं तीनेक टक्के, आणि पोटातून रक्तात उतरतं त्याहून फार थोडं.

"दोन्हींवर एकच औषध" यातही एक गंमत वाटावी असं सत्य आहे. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आमवाताला, म्हणजे संधिवाताच्याच एका प्रकाराला, वर्षानुवर्षं देतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हीच गोळी सेलेकॉक्सिब या सांधेदुखीच्या औषधासोबत बळावलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये (तोंडाचा त्यातच येतो) देऊन पाहिली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण आमवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून मी पाकिटावर वार लिहून देतो आणि पेशंटकडून तो मोठ्याने म्हणवून घेतो. चमच्याने मोजलेल्या चूर्णात हा हिशोब कोण ठेवणार?

बायोप्सीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. निफाडकडचे एक शेतकरी तीन महिने माझ्याकडून तोंड आल्याचं जेल नेत होते. एकदा मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. तीन बोटं उभी आत जायला हवीत. त्यांची दोनही जाईनात. गालाच्या आत पांढरट, कडक पट्टे आणि मागे एक लाल चट्टा. मी डॉक्टरांकडे पिटाळलं, तर ते म्हणाले, "सुई लावली की पसरतं म्हणे." आणि आणखी दोन महिने कुणीतरी दिलेल्या चूर्णावर काढले. तोंडातल्या चट्ट्याचा छोटा तुकडा काढल्याने कॅन्सर अंगभर पसरत नाही. तो पसरतो वेळ गेल्याने, मानेतल्या गाठींमध्ये. सुरुवातीला सापडला तर बऱ्याचदा ऑपरेशनवर भागतं. उशिरा जबडा जातो, मग शेक (रेडिएशन) आणि केमो. त्यांचा जबडा गेला. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण दाखवायलाच हवा. खर्चाची भीती असेल तर महात्मा जोतिराव फुले योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत; सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

"झाडपाला, म्हणून अपाय नाही"? तंबाखूही पानच आणि सुपारीही झाडाचीच. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली.

राहिली संधिवातावर म्हणून मिळणारी गुडघेदुखीची पुडी. शल्लकी नावाच्या झाडाच्या डिंकाने झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं थोडं कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. नोंदणीकृत वैद्य ती नाव आणि मात्रा लिहून देतात, त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे बिननावाच्या पुडीवर. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला ती आणून दाखवली: वर्तमानपत्राच्या कागदात हिरवट चूर्ण, त्यात साखरेसारखे पांढरे कण. आठ दिवसांत जिना चढायला लागल्या म्हणून खूश होत्या. दोन महिन्यांनी चेहरा गोल सुजला, शुगर तीनशेच्या वर. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडं आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं तपासणीत वारंवार सापडलेलं आहे. काकूंच्या पुडीत काय होतं ते देणाऱ्याने सांगितलं नाही. "प्रकृतीनुसार खास" म्हणजे एवढंच.

अशी पुडी तुमच्याही घरात चालू असेल, तर हे वाचून आजच्या आज बंद करू नका. आत स्टेरॉईड असेल तर ते अचानक तोडल्याने बीपी एकदम उतरून जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी कागदासकट उचला, फिजिशियनकडे न्या, आणि किती महिने घेतली ते खरं सांगा. ते ती हळूहळू सोडवतील.