पंखावरचा अंगठा

प्लास्टिकचे भाग जोडून विमानाचं मॉडेल करायच्या किटच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आत गोंद नाही. घरात गोंदाला काय तोटा, असं म्हणत मी पाकिटं चिकटवायचा पांढरा गोंद काढला आणि विमानाचे पंख, वरचा भाग खालच्यावर ठेवून, रात्री चिकटवून टाकले. सकाळी उचलायला गेलो तर दोन्ही पंख शिंपल्यासारखे उघडले. पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, या गोंदाला हिंग लावून विचारत नाही.

मग सुपर ग्लू. त्याला घट्ट व्हायला किंचित ओलावा पुरतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या बोटांना ओलाव्याची काय कमतरता! उजवा पंख तिरका बसला. सरळ करायला उसंत मिळेना, कारण तोवर माझी तर्जनी आणि अंगठा एकजीव झाले होते. साबणाच्या कोमट पाण्यात हात बुडवून बसलो. तेवढ्यात शेजारी ठेवलेल्या कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावर, त्या ग्लूच्या वाफेने पांढरी साय धरली. आत वैमानिक आहे की नाही, ते आता त्यालाच ठाऊक.

शेवटी एका जाणत्या मित्राने कीव येऊन सांगितलं, "अरे, याला सिमेंट लागतं." बांधकामाचं नव्हे, प्लास्टिक जोडायचं. सिमेंट चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांत मिसळतं, द्रावक उडून जातं आणि सांधा पक्का होतो. ट्यूबमधलं दाट सिमेंट तार सोडतं, म्हणून मी पातळवालं घेतलं, टोपणातच ब्रश असलेलं. भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा. बाकी काम केशाकर्षण करतं.

आणि केलंच त्याने! डाव्या पंखाच्या फटीतून सिमेंट सुसाट धावलं, ते थेट माझ्या अंगठ्याखाली. अशा वेळी काही करायचं नसतं. वाळू द्यायचं, मग बारीक पॉलिश पेपरने घासायचं. मी पुसलं. प्लास्टिकचा चिखल झाला आणि त्यात रेषान् रेषा मोजता येईल असा ठसा उमटला. मॉडेल 1/72 चं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तर पट लहान. माझा अंगठा दोन सेंटिमीटरचा, म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड मीटरचा. शत्रूने विमान पाडलं नाही, दाबलं.

(रंग आधी देऊन ठेवला होता, तोही सांध्यांवरून खरवडावा लागला, सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोचावं म्हणून. त्या दुपारबद्दल पुन्हा कधीतरी.)

कॅनोपी घासूनपुसून पुन्हा काचेसारखी केली आणि बसवली ती, सांगायला लाज वाटते, त्याच पांढऱ्या गोंदाने. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि काचेवर साय आणत नाही. उरले सीटबेल्टचे धातूचे इवलेसे पट्टे. धातूपुढे सिमेंटचं काही चालत नाही, म्हणून पुन्हा सुपर ग्लूची बाटली काढली. ती उघडेना. पक्कड लावली, तरी नाही. इतका निर्दोष सांधा या घरात आजवर एकच झालाय, आणि तो बाटलीचा आणि तिच्या टोपणाचा.